खुडूक कोंबडीचं देणं



कोकणात आमच्या घरी कोंबड्या असत. खुडूक झालेली कोंबडी एकवीस दिवस टोपलीत अंड्यांवर बसे. मग पिल्लं तिच्यामागे अंगणभर फिरत, तिच्याच शिटीत चोची मारत. आम्ही दोघी बहिणी नर्सिंग शिकत होतो. सुटीत घरी आलो की नाक मुरडून म्हणायचो, "आई, किती हे जंतू!" आई म्हणायची, "अगं, आईजवळचं पिल्लूच धट्टंकट्टं होतं." आम्ही हसायचो.

पुढे इस्राएलला आलो. सारा जन्म वॉर्डात गेला. जंतू दिसला की मारायचा, एवढंच आम्हाला ठाऊक.

पण आईचं खरं होतं! १९७१ साली फिनलंडमध्ये कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. तिथल्या नुर्मी आणि रंताला या संशोधकांनी निरोगी, मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यांतले जंतू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजले. त्या पिल्लांना साल्मोनेलाची बाधा सहजी होईना. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कारण साधं आहे. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचं आतडं रिकाम्या घरासारखं, जो आधी शिरेल तो मालक. चांगले जंतू आधी बसले, की ते जागा आणि अन्न अडवतात, आम्ल तयार करतात, आणि वाईटाला थारा मिळत नाही. आता असे जंतू पाण्यातून, खाद्यातून देतात.

याचं आम्हाला एवढं अगत्य का? वर्षानुवर्षं कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून अँटिबायोटिक दिलं जाई. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि माणसांपर्यंत पोचतात. एकही औषध लागू पडत नाही असे रोगी आम्ही पाहिलेत. त्यांच्या मुलांना काय सांगायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. युरोपीय संघाने वाढीसाठीची ही औषधं १ जानेवारी २००६ पासून बंद केली, ते बरंच झालं.

मात्र चांगले जंतू म्हणजे जादू नव्हे. खुराड्याची सफाई हवी, लस हवी. आणि भगिनींनो, शब्बाथची कोंबडी आतपर्यंत नीट शिजवा. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर उडतात.

आईला मात्र "तुझंच खरं होतं" हे सांगायचं राहूनच गेलं.