रबरी राक्षस आणि आमचे मावा

जुन्या राक्षसपटांना हसणं फार सोपं. रबरी पोशाख ओळखू येतो, खेळण्यातल्या इमारती कोसळताना दिसतात. आमचा अकरावीतला मुलगा मात्र अशा सिनेमांचा भक्त. गेल्या दिवाळीत त्यानं 1954 चा मूळ जपानी ‘गोजिरा’ लावला, म्हणजे आपला गॉडझिला.

माझं माहेर खानापूरचं, मराठी. सासर कुंदापूरकडचं, कन्नड. सासूबाई गेल्यापासून मावा आमच्याकडे बेळगावात असतात. नातवाचं कन्नड ‘ऊट आयता?’पुरतं आणि मावांचं मराठी भाजीबाजारापुरतं, त्यामुळे दोघांचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. त्या दिवशी मावाही येऊन बसले. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं आणि कन्नडमध्ये सांगायला मी!

सांगता सांगता मीच गंभीर होत गेले. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, 23 खलाशी आजारी पडले, त्यांतला एक सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरात हा सिनेमा लागला आणि त्याची सुरुवातच समुद्रात पेटणाऱ्या बोटीनं होते. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून घरी परतताना बेचिराख हिरोशिमा पाहिलं होतं. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. राक्षसाला निदान पाय असतात, तो कुठून येतोय ते कळतं. टोकियो जळताना एक आई मुलांना कवटाळून सांगते, की आता आपण बाबांकडेच जाणार. तिथं माझं भाषांतर थांबलं. मावांनी विचारलंही नाही. (1998 चा अमेरिकन गॉडझिला मीही पाहिलाय. पळापळ भरपूर, पण असं काही नाही.)

मुलगा मग पोशाखाची माहिती सांगू लागला. 1933 च्या ‘किंग काँग’सारखी बाहुली एकेक चित्र घेत हलवायला वेळ नव्हता, म्हणून हारुओ नाकाजिमा नावाचा नट आत शिरला. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरातला, त्यात धड चालताही येईना. चाल शिकायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती, अस्वलं बघत बसे.

मावा एकदम खुलले. “ओळगे मनुष्य इद्दाने, अल्वा?” आणि यक्षगानातल्या बण्णद वेषावर सुरू झाले. रात्री राक्षस आरोळी ठोकत रंगस्थळावर आला, की पोरं आईच्या पदराआड. सकाळी तोच नट हॉटेलात चहा पिताना दिसायचा, तरी दुसऱ्या रात्री भीती तीच! आत माणूस आहे हे माहीत असूनही घाबरायचं, यातच तर गंमत. नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता, निम्मं मी सांगत होते.

शेवटी समुद्राच्या तळाशी गोजिरा तडफडतो. मावा हळूच म्हणाले, “पाप!”

“कुणाचं पाप?” मुलानं विचारलं.

मी म्हटलं, “अरे, कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, मराठीतलं पापसुद्धा बरोबरच आहे की.” ते मात्र मावांना कन्नडमध्ये समजावताना माझी तारांबळ उडाली.

आता दर रविवारी दुपारी दोघांचा कार्यक्रम ठरलेला. परवा 1961 चा ‘मॉथ्रा’ लावायचा होता, तर मुलगा स्वयंपाकघरात विचारायला आला, “आई, अज्जांना काय सांगू? पतंग म्हणू की चिट्टे?”