आवाज कुणाचा? दाइकोकूचा!

एकांकिका स्पर्धेच्या हॉलबाहेर घसा बसेपर्यंत दिलेली ती आरोळी आठवतेय? 'आवाज कुणाचाऽऽऽ?' जगभरातले कारवेडे हाच प्रश्न घेऊन एका जागी जमतात. ती जागा म्हणजे स्टेडियम नाही, रेस ट्रॅक नाही आणि शोरूम तर नाहीच नाही. ती आहे जपानमधल्या योकोहामाच्या हायवेवरची एक पार्किंगची जागा. नाव दाइकोकू.

जपानमध्ये दाइकोकू हे सात भाग्यदेवतांपैकी एकाचं नाव. या देवाचं मूळ आपल्या महाकालात आहे. त्यामुळे इथे कानठळ्या बसल्या तर आश्चर्य वाटायचं कारण नाही!

फूड मॉल, पण स्वप्नातला

टोकियोच्या हानेदा एअरपोर्टकडून बेशोअर रूट पकडायचा. तिथल्या पोरांच्या भाषेत 'वांगन'. डावीकडे समुद्र, उजवीकडे रिफायनऱ्या आणि गोदामं. त्सुरुमी त्सुबासा ब्रिज ओलांडला की रस्ता जिलबीसारखा गोल गोल खाली उतरतो आणि या वेटोळ्याच्या पोटात लपलेला दाइकोकू पार्किंग एरिया समोर येतो. भराव टाकून तयार केलेल्या बेटावरची ही जागा. चालत येता येत नाही, रेल्वे स्टेशन नाही. एक्स्प्रेस-वेवरून गाडीनंच यायचं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरचा फूड मॉल डोळ्यासमोर आणा. वडापावच्या जागी रामेन, चहाच्या टपरीऐवजी गरम कॉफीचे कॅन देणारी व्हेंडिंग मशिन्स, आणि बसेस व इनोव्हांच्या जागी निसान स्कायलाइन, माझदा आरएक्स-७, होंडा एनएसएक्स, मधूनच एखादी लॅम्बोर्गिनी. एण्ट्री फी शून्य. रविवारी सकाळी जुन्या, निगुतीनं जपलेल्या गाड्या येतात. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तरुण मंडळी. गाडी लावायची, बॉनेट उघडायचं आणि गप्पा हाणायच्या.

पाचच मिनिटांत लक्षात येतं, की इथे गाड्या आधी ऐकायच्या असतात. जुन्या सुबारूची गुरगुर वेगळी, कारण तिच्या मॅनिफोल्डचे पाइप एकसारख्या लांबीचे नसतात. आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात पिस्टनच नाहीत, म्हणून ती चिडलेल्या गांधीलमाशीसारखी. स्कायलाइनच्या सहा सिलिंडरचा सूर सलग, ताणलेला. डोळे मिटून गाडी ओळखणारे महाभाग इथे जागोजागी भेटतात.

आणि मग तो सवाल डोक्यात शिरतोच. उद्या आपण स्पोर्ट्स कार घेतली, सेकंडहॅण्ड का होईना, तर कंपनीचा सायलेन्सर काढून नवा बसवायचा का? पैसा वसूल होतो का?

मफलरचा फंडा

गंमत बघा. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो, त्याला जपानी माणूस 'मफलर' म्हणतो. गळ्यात गुंडाळतो तोही मफलर आणि गाडीखाली असतो तोही मफलर. दोन्हींचं काम एकच, तोंड बंद ठेवणं! आणि हे तोंड उघडावं म्हणून माणसं लाखो येन मोजतात.

इंजिनातला जळलेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. तिथे विषारी भाग कमी होतो. पुढे रेझोनेटर आणि शेवटी मफलर. बहुतेक लोक बदलतात तो 'कॅट-बॅक' भाग, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचं सगळं. पाइप जरा रुंद, वळणं कमी, धूर बाहेर पडायला रस्ता मोकळा.

मग पॉवर वाढते? वाढते, पण किती? टोयोटा जीआर ८६ चं उदाहरण घ्या. दाइकोकूमध्ये हमखास दिसणारी, तरुणांच्या आवाक्यातली गाडी. २.४ लिटरचं इंजिन, २३५ हॉर्सपॉवर, टर्बो नाही. अशा गाडीत नुसता कॅट-बॅक बदलून हाती लागते ती मूठभर हॉर्सपॉवर. मशीनवर दिसेल, सीटवर बसून जाणवणं कठीण. टर्बो गाडीत फरक जास्त पडतो, पण त्यासाठी टर्बोला लागून असलेला डाउनपाइप बदलावा लागतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंगही करावं लागतं. त्यात कन्व्हर्टरला हात लागला, की प्रदूषणाचा कायदा आडवा आलाच.

वजनाचा फायदा मात्र खरा. कंपनीचा मफलर स्टीलचा आणि दणकट असतो, कारण तो वर्षानुवर्षं पाऊस, मीठ आणि उष्णता झेलण्यासाठी बनवलेला असतो. टायटॅनियमचा बसवला तर काही किलो उतरतात. पण खिसाही तितकाच हलका होतो. साध्या स्टीलच्या चांगल्या कॅट-बॅकलाच जपानमध्ये लाखभर येन सहज पडतात, टायटॅनियम त्याच्या कितीतरी वर.

म्हणजे शेवटी उरतो तो आवाज. आणि इथेच गोम आहे. हा सगळा खर्च माणूस कानासाठी करतो आणि घरच्यांना सांगताना 'परफॉर्मन्स'साठी केला म्हणतो!

कानाचा हा हट्ट गाडी कंपन्यांनाही ठाऊक आहे. २०१२ च्या पहिल्या टोयोटा ८६ मध्ये इंजिनाचा आवाज केबिनमध्ये पोहोचवायला खास नळी दिली होती. नव्या जीआर ८६ मध्ये तर तो आवाज स्पीकरमधून वाढवला जातो. बाहेर गपगार, आत मैफल.

डोक्यात घुमणारा ढोल

यूट्यूबवर तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहून मफलर निवडणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवायला हवा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं, तेव्हा सेकंदाला १०० वेळा स्फोट होतात. म्हणजे १०० हर्ट्झचा खर्जातला सूर. हायवेवर एका वेगानं जाताना हाच सूर बंद केबिनमध्ये घुमत राहतो. याला म्हणतात ड्रोन. कंपनीचे इंजिनीअर रेझोनेटर बसवून नेमका हा घुमारा मारतात. तो रेझोनेटर काढला, की मिरवणुकीतला ढोल थेट डोक्यात. दहा मिनिटं भारी वाटतं, पण चार तासांच्या ड्राइव्हनंतर शेजारच्या सीटवरची व्यक्ती परतीला ट्रेन पकडते.

शिवाय डेसिबलचं गणित सरळ चालत नाही. १० डेसिबल वाढले, तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे आकडा थोडासाच सरकतो आणि सोसायटी मात्र अख्खी जागी होते.

शिस्तीतला दंगा

जपानला ही हौस नवी नाही. एचकेएस ही ट्यूनिंग कंपनी १९७३ पासूनची. तिच्या एका मफलरचं नाव 'सायलेंट हाय-पॉवर'. फुजित्सुबोच्या गाजलेल्या मालिकेचं नाव 'लेगालिस', लीगल या शब्दाची आठवण करून देणारं. नावातच सगळं आलं. आवाज हवा, पण कायद्यात बसणारा.

कारण तिथे 'शाकेन' नावाची तपासणी आहे. खासगी नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. जुन्या नियमात साध्या कारला उभ्या स्थितीतल्या आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल होती. १ एप्रिल २०१० नंतर बनलेल्या गाड्यांसाठी मफलर आधीच प्रमाणित केलेला असावा लागतो. तोंडात बूच घालून तपासणी पास करायची आणि बाहेर आल्यावर ते काढायचं, ही आयडियाही तेव्हापासून बाद. गाडीखालची जागा ९ सेंटिमीटरपेक्षा कमी झाली, तरी नापास.

मोठा धडा मात्र निसान जीटी-आरनं दिला. निसान योकोहामाचीच. मुख्यालय तिथे, आणि जीटी-आरची इंजिनं हातानं जोडणारे मोजके 'ताकुमी' कारागीरही तिथल्याच कारखान्यातले. भारतात ही गाडी २०१६ मध्ये जवळपास दोन कोटींना आली होती. २०१७ च्या मॉडेलपासून कंपनीनंच तिला टायटॅनियमचा एक्झॉस्ट दिला. आणि २०२२ मध्ये? युरोपात तिची विक्री बंद झाली, तीही आवाजाच्या नव्या नियमांमुळे. जपानमध्ये २०२४ च्या मॉडेलसाठी निसाननं नवा एक्झॉस्ट तयार केला, नियमात बसवला आणि गाडी पुन्हा विकायला काढली. २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ज्याला आपण 'स्टॉक सायलेन्सर' म्हणून नाकं मुरडतो, त्यानंच या सुपरकारला शेवटची वर्षं मिळवून दिली.

गेट बंद!

वीकेण्डच्या रात्री दाइकोकूला आणखी एक आवाज ऐकू येतो, लाऊडस्पीकरचा. गर्दी आणि गोंगाट वाढला, की पोलिस येतात, पार्किंग बंद करत असल्याचं जाहीर करतात आणि सगळ्यांना बाहेर काढतात. हे अधूनमधून नाही, वारंवार होतं. शांतपणे गाडी दाखवायला आलेल्या काकांनाही निघावं लागतं आणि रामेनचा बाऊल अर्धा राहिलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही. विश्रांतीची ही जागा खरं तर त्याच्यासाठी.

दहा जण सरळ पाइप बसवून, गाडी उभी असताना रेव्ह करतात आणि शेकडो लोकांचा कट्टा जातो. इंजिनाच्या आवाजावर जीव टाकणाऱ्यांची ही पंढरी आवाजामुळेच बंद पडते. मफलर बदलावा की नाही, याचं उत्तर म्हणूनच फक्त हॉर्सपॉवरमध्ये मिळत नाही. तुमच्या पाइपची किंमत दुसरं कुणीतरीही मोजत असतं.

आपल्याकडे तर हिशेब आणखी कडक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात पाहिलेत. वॉरंटीच्या क्लेमला कंपनी नाही म्हणू शकते, ते वेगळंच.

मग, बदलायचा का?

पॉवरसाठी? नको. तेच पैसे चांगल्या टायर्स आणि ब्रेक पॅड्सवर घाला, पहिल्याच वळणावर फरक कळेल.

ट्रॅकवर जाता, गाडी टर्बो आहे, आणि सगळं ट्यूनिंग एकत्र करताय? मग अर्थ आहे.

फक्त सुरासाठी? काहीच हरकत नाही, हौसेला मोल नसतं. पण प्रमाणित मफलर घ्या, जमलं तर कंपनीचाच ऑप्शनल आणि झडप असलेला, म्हणजे गल्लीत शिरताना आवाज बंद करता येतो. आधी तोच मफलर लावलेल्या गाडीत अर्धा तास हायवेवर बसा. आणि जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.

जायचंय?

भारताचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जपानमध्ये चालतं. ते आपल्या आरटीओतूनच मिळतं. तिकडेही गाडी डावीकडूनच. स्पोर्ट्स कार भाड्यानं मिळते, टोलसाठी ईटीसी कार्ड मागून घ्या. टॅक्सीनं गेलात तर परतीची सोय आधी करा, तिथून चालत बाहेर पडता येत नाही. फोटो काढण्याआधी मालकाला विचारा. रविवारची सकाळ सगळ्यात बेस्ट. गाडी लावल्यावर इंजिन बंद करायला मात्र विसरू नका.