शॅननच्या तोफेवरच्या विल्यम हॉल यांस

श्रीयुत विल्यम हॉल,
मु. हँट्सपोर्ट, नोव्हा स्कोशिया



कॅनडाने २०१० साली तुमचं टपाल तिकीट काढलं आणि आता तिथल्या नौदलात तुमच्या नावाचं गस्ती जहाजही आहे. आनंद झाला. पण किती हा उशीर! व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय तुम्ही. १९०४ मध्ये गेलात, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९४५ साली तुम्हाला हँट्सपोर्टच्या चर्चपाशी आणलं. याचा राग मी अजून गिळलेला नाही.

आता माझं गाऱ्हाणं. १६ नोव्हेंबर १८५७, लखनौचा शाह नजफ इमामबाडा. ‘शॅनन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या अवजड तोफा कलकत्त्याहून गंगेने अलाहाबादला आणि पुढे बैलांकडून ओढवून तुम्ही खलाशांनी तिथवर नेल्या. प्रत्येक बारानंतर तोफ पुढे ढकलायची. शेवटी इतकी जवळ, की उडणाऱ्या विटांच्या कपच्या तुमच्याच माणसांना लागू लागल्या. भोवतालचे एकेक पडत गेले. उरलात तुम्ही आणि जखमी लेफ्टनंट यंग. तरी तुम्ही बार भरत राहिलात. त्या हिमतीला मी मनापासून हात जोडते. पण हॉलसाहेब, भिंत आमची होती हो.

त्यासाठी मिळालेल्या क्रॉसबद्दल सगळे बोलतात. मी तुमच्या दुसऱ्या पदकाकडे बघत राहते. १८५७च्या बंडाच्या मोहिमेचं चांदीचं पदक, पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे, मागे ढाल घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह. तुमच्या फितीवर लखनौच्या पट्ट्या. त्याच पदकावर ‘सेंट्रल इंडिया’ची पट्टी मिळाली, ती झाशीच्या राणीवर चालून गेलेल्यांना. आणि डिसेंबरात कानपूरला शॅननच्या तोफा धडाडल्या, तेव्हा समोर आमच्या येवल्याचे तात्या टोपे होते. माझ्यासारखीने ते पदक कोणत्या डोळ्यांनी बघायचं?

तुम्ही नौदलात का रमलात, हे कळतं मला. तुमचे आईवडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटले, ते १८१२च्या युद्धात, याच ब्रिटिश नौदलाच्या आसऱ्याने. ज्यांनी आईच्या पायातली बेडी तोडली, त्यांचं मीठ कोण विसरेल? तुमच्या कृतज्ञतेला मी नावं ठेवत नाही. मला छळतं ते एवढंच, की बेडीची गोष्ट ऐकत वाढलेल्या तुम्हाला भिंतीपलीकडच्यांच्या मनातलं इतर खलाशांपेक्षा लवकर समजलं असतं. कुणी समजू दिलं नाही.

१८७६ मध्ये नोकरी सोडून गावी शेती केलीत, बहिणींबरोबर राहिलात. म्हातारपणी काढलेल्या फोटोत साध्या कोटावर ती पदकं आहेत. तिथल्या मुलांनी लखनौची गोष्ट नक्की विचारली असेल. एक विनंती आहे: तटावरून तुमच्यावर नेम धरणाऱ्यांपैकी एखाद्याचा चेहरा आठवत असेल, तर तो आम्हाला सांगा. त्यांच्या नावाचं तिकीट कुणी काढलेलं नाही, आणि त्यांना इतक्या जवळून तुम्हीच पाहिलंत.