खाली

पाच-सहा वर्षांचा असेन. जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून चाचीचं घर होतं. एका दुपारी ती म्हणाली, "बेटा, देख तो, घडा खाली है क्या?" मी घडवंचीखाली डोकं घातलं आणि सांगितलं, "घडा वर आहे. खाली मुंगळे आहेत." चाचीला हसू आवरेना. तिनं माझा हात धरून माठात घातला. बोटांना गार, ओलसर तळ लागला. "इसकू बोलते खाली."

तेव्हापासून माझ्याकडे दोन 'खाली' झाले. एक पायाशी, एक माठाच्या पोटात. नवा आला म्हणून जुन्यानं जागा सोडली नाही. आजी 'खाली बस' म्हणायची, तेव्हाही बोटांना क्षणभर तो तळ लागायचा. दोन भाषांत वाढलेला माणूस एक भाषा बोलत असताना दुसरीही आत जागी असते, असं भाषाभ्यासक सांगतात. ते वाचलं तेव्हा मला माठच आठवला.

चाचीच्या गोष्टी मी रात्री आजीला मराठीत सांगायचो. 'कव्वा'चा कावळा झाला तरी तो त्याच फांदीवर बसायचा. वर्नर लिओपोल्ड या भाषाशास्त्रज्ञानं आपल्या मुलीचं, हिल्डगार्डचं, जर्मन-इंग्रजी बोलणं टिपून ठेवलं आणि १९३९ ते १९४९ या काळात त्याचे चार खंड काढले. गोष्ट ठरलेल्या शब्दांतच हवी, असा तिचाही हट्ट नसे. शब्द आणि अर्थ यांची गाठ दोन भाषांमुळे सैल होते, असं लिओपोल्डला वाटलं. माझी गाठ त्या घडवंचीखालीच सैल झाली होती.

२०१३च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभा होतो. पुढचे आजोबा विहिरीबद्दल म्हणाले, "पाणी लई खाली गेलं बघा." मागून एक बाई बोलल्या, "हमारे घडे भी खालीच हैं." त्यातला 'च' चाचीच्या दखनी बोलीनं मराठीकडूनच उचललेला. चाचीनं वेगळे करून दिलेले माझे दोन 'खाली' त्या रांगेत एकामागे एक उभे होते. पहिला झाला म्हणून दुसरा झाला होता.

टँकर आलाच नाही. घरी येऊन उगाच माठात हात घातला. तळ ओलसरही नव्हता.