वाढलेली बांगडी

आमच्या मणेरांच्या घरात 'बांगडी फुटली' असे कुणी म्हणत नसे. 'वाढली' म्हणायचे. हिंदू घरांतला हा शब्द पिढ्यान्पिढ्या त्यांचे हात भरता भरता आमचाच झाला होता. भरताना वाढलेल्या बांगडीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा मात्र आमचा रिवाज. त्यामुळे काच का तडकते, हा आमच्या चुलीचा प्रश्न होता.

अब्बांना सगळे मणेरमामा म्हणत. नवरीचा हात हाती घेऊन अंगठ्याचा सांधा चोळत ते एकेक हिरवी बांगडी चढवत. एका लग्नसराईत नव्या मालातल्या बांगड्या पंजावरच एकापाठोपाठ एक वाढू लागल्या. पाचवीला मुलीच्या हातातून रक्त आले. मांडवातल्या बायका गप्प झाल्या. नवरीची आई काहीच बोलली नाही, तेच आम्हाला जास्त लागले. अब्बांनी जुन्या पेटीतला माल काढून हात भरला आणि पैसे न घेता उठले. त्या रात्री इशानंतर ते बराच वेळ मुसल्ल्यावरच बसून होते.

मग आम्ही त्यांच्यासोबत फिरोजाबादला गेलो. तिथे वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात, गुंडाळी कापली की तोंड उघडी कडी सुटतात. ही तोंडे घराघरांत, बहुतेक आपल्याच आयाबहिणी, ज्योतीवर जुळवतात. जोड लालबुंद असतो, उरलेली बांगडी थंड. जोड निवतो तेव्हा ताण आतच अडकून बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बांगडी खणखणीत वाजते आणि महिन्यांनी कुणाच्या तरी हातावर तडकते.

यावर इलाज पकाई भट्टीचा. साधारण 550 अंशांवर ही काच आतून सैल होते. तिथे थोडी थांबवून सावकाश निववली, तर ताण जातो. फार तापली तर बांगडी लंबगोल होते. घाईने बाहेर काढून वाऱ्यावर ठेवली तर नवा ताण. भट्टीवरचे एक म्हातारे चाचा ऐन जूनमध्येही पंखा लावू देत नव्हते. ''मियाँ, इसे हवा मारती है,'' म्हणाले. पण मजुरी नगावर. थांबणे म्हणजे स्वतःच्याच भाकरीतून कापणे. ताजमहालासाठी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कोळशावरच्या कारखान्यांना गॅसवर जा, नाहीतर हला, असे बजावले. गॅसवर आच राखणे सोपे, पण चाचांच्या थांबण्याचे पैसे गॅस थोडाच देणार?

आमचा माल घाईच्या भट्टीतला होता, हे तिथेच कळले. अब्बा भांडले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यामागे थोडे जास्त देऊन चाचांच्या हातचा माल ठरवला. नफा घटला. अम्मी वर्षभर कुरकुरत होती, आणि तिचेही खरेच होते. आमच्या शाळेची फी त्याच पैशातून जायची.

अब्बा गठ्ठा कानाशी हलवून तडकलेली बांगडी ओळखत. आतला ताण मात्र कानाला कळत नाही. परवा पुतण्याने लॅपटॉपचा पांढरा पडदा लावला आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवत पडदा काळा केला. मधे दुकानातली एक बांगडी धरली. जोडाजवळ उजेडाचा ठिपका चमकला. दुसरी, तिसरी, तेच. मग अब्बांच्या पेटीतली एक धरली. ती सगळीच काळी राहिली.

भावजयीने ती त्याच्या हातातून घेतली आणि मनगटात चढवली.