पटावरचं नाव

तिगाव-पांढुर्ण्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे पत्ते घर न हलवता बदलले. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत त्यांची राजधानी नागपूर होती. काटोल, नरखेड, पांढुर्णा एकाच राज्यात. मग भोपाळ आलं. २०२३मध्ये छिंदवाडा जिल्हाही सुटला, पांढुर्णाच जिल्हा झाला. घरात मराठी, कागदावर हिंदी, सोयरीक राज्यसीमेच्या दोन्हीकडे. तरी ‘तुम्ही कुठले?’ असं त्यांना कुणी दरडावून विचारत नाही. जमिनीच्या खसऱ्यावर नाव आहे ना!

ज्यांचं नाव कुठल्याच खसऱ्यावर नाही, बिऱ्हाड कामामागे फिरतं, त्यांच्या लेकरांची मला काळजी वाटते. पालावर जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला कुठून यायचा? ३ डिसेंबर २००४नंतर जन्मलेल्यांचं नागरिकत्व आईबापांच्या नागरिकत्वावर ठरतं, आणि तिच्या आईबापांकडेही दाखवायला काही नसतं.

शाळेसाठी मात्र हे सिद्ध करावं लागत नाही. संविधानाचा अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्याच मुलांना शिक्षण देतो. नागरिक असण्याची अट त्यात नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. आधारसाठीही अडवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं. २०२५मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांचा प्रश्न आला, तेव्हा त्याच न्यायालयाने त्यांना सरकारी शाळेत प्रवेश मागायला सांगितलं. नाकारला तर उच्च न्यायालयाचं दार मोकळं ठेवलं.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव. पुढे जातीचा, रहिवासाचा दाखला काढताना लोक आजोबांच्या शाळेची हीच नोंद शोधत फिरतात. म्हणजे कागद नाही म्हणून आज एका मुलीला परत पाठवलं, तर तिच्या नातवंडांचाही कागद आपण आजच फाडतो. गुरुजींनी तिचं नाव पटावर घेतलं, तर कदाचित तोच तिच्या घराण्याचा पहिला पुरावा ठरेल.

पण १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मणाऱ्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जाणार आहे. कलम १४ रद्द झालेलं नाही, तरी शाळेच्या दारात कुठला नियम आधी आठवेल, याची मला धास्ती वाटते. ती मुलं २०२९च्या सुमारास पहिलीत येतील. पालांवर जाऊन जन्मनोंदी करायला तेवढाच अवधी आहे. आणि चौदा वर्षं उलटली की कायद्याचं हे छत्रही उरत नाही. नववीच्या वर्गात, वसतिगृहात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर तोच कागद पुन्हा मागितला जातो.