तिसाव्या दिवसाचा फोन

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आई नारायणगावजवळच्या आमच्या बागेत पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात प्लेट बसवली, सहाव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर ‘जखम कोरडी’ असं लिहिलं होतं आणि ती खरंच कोरडी होती.

एकविसाव्या दिवशी भावाचा फोन आला. “ताई, आईच्या टाक्यांतून पाणी येतंय.”

मी दुसऱ्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी नर्स आहे. ऑपरेशननंतर किती जखमा पिकल्या हे मोजणं, हेच माझं काम. तरी मी म्हणाले, “ड्रेसिंग बदल, दोन दिवस बघू.” दोनाचे पाच झाले. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थंडी वाजून ताप आला तेव्हा आईला मंचरला नेलं, तिथून आमच्या रुग्णालयात. पुवाच्या तपासणीत निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस, तोही मेथिसिलीनला दाद न देणारा, म्हणजे एमआरएसए.

सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू घडासारखे दिसतात. म्हणून ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जननं १८८२ साली द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव दिलं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “मग आपल्याच बागेतनं आला का गं?” नाही म्हटलं. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात असतो, कातडीवर असतो. तिथं कुणाच्या हातून आला, की तिच्याच अंगावरचा होता, हे आता कळायचं नाही. जखम पुन्हा उघडून धुतली, कित्येक आठवडे व्हँकोमायसिन चाललं. आता ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येते.

जिथं ऑपरेशन झालं, तिथल्या हिशेबात मात्र आई ठणठणीत असणार. त्यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. अशा ऑपरेशननंतर साधारण ३० दिवस, आणि हाडात प्लेट असेल तर ९० दिवस जखमेवर लक्ष ठेवायचं असतं. पण सहाव्या दिवशी घरी गेलेल्या बाईची जखम बघणार कोण? दिल्लीचं एम्स ट्रॉमा सेंटर, मणिपालचं कस्तुरबा आणि मुंबईचं टाटा मेमोरियल इथं सहा महिने पाठपुरावा करून एक पाहणी झाली. तीन हजारांवर रुग्णांत १६१ जणांच्या जखमेत संसर्ग सापडला. त्यातले सुमारे दोन तृतीयांश घरी गेल्यानंतर.

आमच्याही वहीत कितीतरी महिने शून्य होतं. बैठकीत त्या शून्याचं कौतुक व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

आईनंतर मी फोन करायला लागले. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी “बरंय” सांगितलं. आंबेगावच्या डोंगरातल्या एका बाईकडे तर फोनच नव्हता. आशाताईंच्या फोनवरून बोलली. ‘इन्फेक्शन आहे का’ विचारलं की माणसं नाहीच म्हणतात. हो म्हटलं तर परत बोलावतील, गाडीभाडं जाईल, रोज बुडेल. मग प्रश्न बदलला. लुगडं ओलं होतं का? वास येतो का? दोन दिवसांत दुखणं वाढलंय का? त्या बाईनं जरा थांबून सांगितलं, “रात्री फडकं बदलावं लागतं, ताई.” दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं.

आमचा आकडा चढला. साहेबांनी विचारलं, “संसर्ग वाढला कसा?” म्हटलं, “वाढला की नाही ते माहीत नाही, सर. आधी विचारतच नव्हतो.” ते गप्प बसले. फोनचं बिल मात्र त्यांनी मंजूर केलं.

नव्वद दिवस झाले तरी आईसाठी फोन आला नाही. शेवटी मीच तिथं लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, तक्रार आहे का?”

म्हटलं, “नाही हो. नोंद करून घ्यायची आहे.”

“एक मिनिट हं,” म्हणाली, आणि फोनवर गाणं सुरू झालं.